बंदराबंदराने जपान

कोबे, शनिवार

जपानला जाणारे बहुतेक जण टोकियोला उतरतात, बुलेट ट्रेनने क्योटो-ओसाका उरकतात आणि परत येतात. आम्ही दोघी, मी आणि माझी मोठी नणंद, जहाजाने निघालो याचं श्रेय ताईंच्या गुडघ्यांना. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा, रोज स्टेशनचे जिने हे त्यांना झेपणारं नव्हतं. जहाजात एकदा बॅग उघडली की शेवटच्या बंदरातच भरायची. जहाज सहा-सातशे प्रवाशांचं, म्हणजे आजच्या मानाने लहानच, पण लक्झरी वर्गातलं. खोलीला बाल्कनी, खाणंपिणं तिकिटातच. कोबेला चढायचं, पश्चिमेकडून वर वळसा घालून योकोहामाला उतरायचं.

जहाजात शिरायला दुपार होणार होती, म्हणून सामान टर्मिनलवर सोपवून कितानो टेकडी गाठली. तिथे १९८५ साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी कोबेत स्थिरावलेल्या गुजराती कुटुंबांची ही वस्ती. थोडं खाली १९३५ ची मशीद. चार परदेशी कुटुंबं राहून गेली असली की जपानी शहरं त्यांची हवेली जपून ठेवतात आणि तिकीट लावतात. कितानोभर असंच आहे.

मुंबईचा इथला धागा त्याहून जुना. १८९३ साली निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीने दूरच्या समुद्रातली आपली पहिली नियमित फेरी सुरू केली ती कोबे ते मुंबई. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीच्या भाड्याने व्यापारी जेरीस आले होते. जमशेदजी टाटांनी या कामी जपान्यांशी हातमिळवणी केली. त्या नोव्हेंबरात कोबेहून निघालेल्या पहिल्या बोटीचं नाव ‘हिरोशिमा मारू’. पी. अँड ओ.ने भाडी धडाधड पाडून पाहिली, पण गिरणीवाले बधले नाहीत.

बंदराकाठच्या मेरिकेन पार्कमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा तसाच ठेवला आहे. काँक्रीटच्या लाद्या पाण्यात कलंडलेल्या, दिव्याचे खांब तिरके. बाकीचं बंदर दोन वर्षांत उभं राहिलं, एवढा कोपरा मात्र दुरुस्त करायचा नाही असं ठरवून सोडलेला.

आमच्या मजल्याचा स्टुअर्ड कुडाळचा निघाला. बॅगेवरचं आडनाव वाचून आधी त्याने इंग्रजीत चाचपणी केली आणि मग एकदम, “काकी, तुम्ही खयच्या?” मी वसईचं माहेर सांगितलं, ताईंनी पुणं सांगितलं. पुण्याला त्याने फारसे गुण दिले नाहीत. लाइफ जॅकेटची सक्तीची कवायत झाली, भोंगा वाजला आणि अंधार पडता पडता आकाशी पुलाखालून गेलो. या पुलाचं काम चालू असतानाच १९९५ चा भूकंप झाला आणि दोन मनोरे जवळजवळ मीटरभर लांब सरकले. त्यामुळे मधला गाळा १९९० ऐवजी १९९१ मीटरचा झाला. पुढे २०२२ पर्यंत जगातला सर्वांत लांब गाळा तोच होता.

हिरोशिमा, रविवार

पहाटे डेकवर पाच-सहाच जण. कुरुशिमाची सामुद्रधुनी. इथला नियम मला जहाजावरच्या व्याख्यात्याने आदल्या रात्री सांगितला होता: भरती-ओहोटीचा प्रवाह पाठीमागून असेल तर मधल्या वाटेने जायचं, समोरून असेल तर पश्चिमेच्या. म्हणजे प्रवाह उलटला की समोरासमोरची जहाजं आपापली बाजू बदलतात. ऐकताना गोंधळ वाटतो, पाहताना वाटत नाही. मासेमारीच्या लहान होड्यासुद्धा त्या गर्दीत निवांत होत्या.

उजिना बंदरातून ट्राम थेट शहरात जाते. जहाजाच्या सहलीची किंमत पाहून आम्ही ट्रामच पकडली, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक बंदरात हेच केलं. हिरोशिमाची ट्राम हे वाहन म्हणून वापरावं आणि इतिहास म्हणूनही. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला आणि तिसऱ्या दिवशी एका तुकड्यावर ट्राम पुन्हा धावली. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून ट्राम कंपनीच्या शाळेतल्या मुली त्या काळात गाड्या चालवत होत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी.

संग्रहालयात ताई पुढे निघून गेल्या आणि मग मागे वळून त्याच काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. ताईंनी जन्मभर शाळेत शिकवलं. काचेत एका तेरा वर्षांच्या मुलाचा डबा होता. ॲल्युमिनियमचा, चेपलेला, झाकण बाजूला, आणि आत दाणे ओळखू येतील न येतील असा काळा कोळसा झालेला भात. त्या सकाळी शहरातल्या शाळांची हजारो मुलं आगीचे पट्टे अडवण्यासाठी घरं पाडायच्या कामावर उघड्यावर होती. त्यांतला हा एक. आईने तो डबा सापडल्यावर मुलगा ओळखला. ताई एवढंच म्हणाल्या, “न खाताच गेला की गं.” नंतर बराच वेळ आम्ही नदीकाठी बसलो. समोर तो घुमटाचा सांगाडा, आणि एका शाळेची सहल पिवळ्या टोप्या घालून रांगेत चालली होती.

पीस पार्कजवळून मियाजिमा बेटाला बोट जाते, पाऊण तासात. मनाची अवस्था पाहता जावं की नाही असा प्रश्न पडला होता, पण गेलो ते बरं झालं. इत्सुकुशिमा देवळाचं आजचं रूप बाराव्या शतकातलं. ताइरा घराण्याचा सर्वेसर्वा कियोमोरी याने ते समुद्रावर खांब रोवून बांधवलं. पुढची पाण्यातली लाल तोरण-कमान सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते. सध्याची कमान १८७५ ची, साडेसोळा मीटर उंचीची, कापुराच्या झाडाच्या बुंध्यांची. गंमत म्हणजे ती जमिनीत गाडलेली नाही. वरच्या आडव्या पोकळ तुळईत दगड भरलेत आणि ती नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी अर्धवट होतं, पायाशी चालत जाता आलं नाही. काठावरून पाहिलं तर खांबांना शिंपले चिकटलेले, आणि ज्या रंगाला आपण शेंदरी म्हणू तो पाण्याच्या रेषेपाशी खरवडून फिका झालेला.

बेटावरची हरणं पर्यटकांच्या हातातले नकाशे खातात. एकाने ताईंची पदराची कड तोंडात धरली. हरणाला “ए, सोड” असं मराठीत दटावलेलं जपानी मंडळींना फार आवडलं.

समुद्रात, सोमवार

जपानच्या या भागात जहाजाचा खरा फायदा कळतो. काल ज्या कियोमोरीचं देऊळ पाहिलं, आज त्याच्या कुळाचा शेवट जिथे झाला ते पाणी ओलांडायचं होतं. कोबे बंदराचा जुना धक्काही त्यानेच सुधारून घेतला होता, चीनशी व्यापार करायला. तीन जागा एकाच पाण्यावर, आणि रेल्वेने गेलो असतो तर तिन्ही वेगळ्या वाटल्या असत्या.

कानमोनची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी पाऊण किलोमीटरसुद्धा नाही. एका बाजूला होन्शू बेट, दुसऱ्या बाजूला क्यूशू बेट, वर १९७३ चा पूल आणि काठावर विजेचे मोठे फलक. त्यावर प्रवाह कोणत्या दिशेला, किती नॉट आणि वाढतोय की घटतोय हे अक्षर, आकडा आणि बाण अशा तीन चिन्हांत आळीपाळीने झळकतं. डेकवर उभं राहून मी तो फलक वाचत बसले. उगाच. आपल्याला जहाज थोडंच चालवायचं होतं.

इथे दान-नो-उरा नावाचा पट्टा आहे. ११८५ साली ताइरा आणि मिनामोतो घराण्यांची आरमारं इथे भिडली. सकाळी प्रवाह ताइरांच्या बाजूने होता आणि नंतर उलटला, असं सांगतात. हार दिसू लागल्यावर कियोमोरीच्या विधवेने आपल्या नातवाला, सहा वर्षांच्या बालसम्राट आंतोकूला, कवेत घेऊन समुद्रात उडी टाकली. काठावर शिमोनोसेकीला त्याच्या नावाचं आकामा देऊळ आहे, पांढऱ्या पायाचं लाल द्वार. जहाजातून स्पष्ट दिसलं. तिथल्या खेकड्यांच्या पाठीवर रागावलेला माणसाचा चेहरा दिसतो आणि लोक त्यांना ताइरा योद्ध्यांचे आत्मे समजतात. पुढे डाव्या हाताला कोकुरा. ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरा बॉम्ब याच शहरावर पडायचा होता. विमानाने तीन घिरट्या घातल्या, धुरकटलेल्या आभाळात लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. आमचं जहाजही तिकडेच वळलं.

दुपारी सभागृहात चहाविधी. जहाजातलं ‘जपानी संस्कृती’ नावाचं खातं मला एकंदरीत तकलादू वाटलं. किमोनो घालून फोटो काढा, पंखे रंगवा, सुशी वळा. पण चहा शिकवायला आलेल्या बाई अस्सल होत्या. वाटीवर जिथे चित्र असतं ती बाजू पाहुण्याकडे करून त्यांनी वाटी ठेवली. पाहुण्याने पिण्याआधी ती फिरवून चित्र स्वतःपासून दूर करायचं, कारण सर्वांत सुंदर बाजूला ओठ लावायचे नाहीत. मग पिऊन झाल्यावर पुन्हा फिरवून ती बाजू यजमानाकडे. बाईंच्या हातात एकही हालचाल फुकटची नव्हती. ताईंना माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा तो चहा, कडू लागला आणि त्यांनी तसं तोंडही केलं. बाईंनी न हसता गोडाची पुडी पुढे सरकवली. गोड आधी खायचं असतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

नागासाकी, मंगळवार

बंदरात शिरण्यासारखी सकाळ दुसरी नाही. दोन्हीकडे डोंगर, मध्ये लांबट आखात, एका काठाला जहाजबांधणीचा कारखाना आणि १९०९ ची अजस्र क्रेन, अजून कामावर. जहाज अगदी गावात लागतं. उतरलं की पाच मिनिटांवर ओउरा चर्च.

नागासाकीचं मला बाकी काही नसतं तरी चाललं असतं. मी आले होते निशिझाका टेकडीसाठी. वसईत वाढलेल्या कुणालाही गोन्सालो गार्सियांचं नाव ठाऊक असतं. गास गावात त्यांचं चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं तिथे गेली. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा माणूस व्यापारासाठी जपानला आला, जपानी भाषा शिकला, नंतर मनिलात फ्रान्सिस्कन पंथात सामील झाला आणि १५९३ साली त्या पंथाच्या मंडळींबरोबर दुभाषा म्हणून जपानात परतला. दुभाषा म्हणून जपानच्या तेव्हाच्या सत्ताधीशासमोर, हिदेयोशीसमोर, उभा राहणारा वसईकर! शाळेत हे कधी सांगितलं नाही. संत आहेत, नमस्कार करा, एवढंच.

१५९७ च्या जानेवारीत हिदेयोशीच्या हुकमाने गोन्सालोंसह चोवीस जणांना, क्योटो-ओसाकात पकडून, गावोगाव फिरवलं. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता. मग ऐन थंडीत त्यांना पश्चिमेकडे चालवत नेलं. वाटेत आणखी दोघांची भर पडली आणि ते सव्वीस झाले. समुद्राच्या काठाकाठाने, शिमोनोसेकीला सामुद्रधुनी ओलांडून क्यूशूत, असं जवळजवळ आठशे किलोमीटर. जो किनारा आम्ही बाल्कनीत चहा पीत पाहिला तोच. ५ फेब्रुवारीला या टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. १८६२ साली पोपने त्यांना संत म्हणून जाहीर केलं, आणि त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये, फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराचं स्मारक इथे उभं राहिलं.

स्मारक म्हणजे एका लांब दगडी भिंतीवर ओळीने सव्वीस ब्राँझच्या आकृती. सगळे समोर पाहणारे. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली ओघळलेली, जसे काही वर उचलले जात आहेत. बहुतेकांचे हात जोडलेले. मध्ये तीन मुलगे, सगळ्यांत लहान बारा वर्षांचा. गोन्सालो कोणते ते मला चेहऱ्यावरून ओळखता येईना. शेजारच्या संग्रहालयात काउंटरवरच्या वयस्क बाईंना मी “गोन्सालो गार्सिया, इंडिया, वसई” असं तीन शब्दांत विचारलं. त्यांनी छापील नकाशा काढला, पेन्सिलीने एक आकृती घेरली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग खिडकीतून बोट दाखवून जागा सांगितली. मी त्या आकृतीखाली उभी राहिले. ताईंनी फोटो काढला. “मला सांगितलं असतंस तर शिरीषाची फुलं आणली असती, वसईत मिळतात ना,” त्या म्हणाल्या. नागासाकीत शिरीष कुठून मिळणार होता देव जाणे, पण मला त्या वाक्याने रडू आलं, जे टेकडीवर आलं नव्हतं.

गोव्याचा धागाही इथलाच. जपानात प्रथम ख्रिस्ती धर्म नेणारे फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबरचा आन्जिरो हा जपानी माणूस त्याआधी गोव्यात बाप्तिस्मा घेऊन, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकून आला होता. पुढे बंदी आली, आणि १८६५ साली ओउरा चर्च उभं राहिल्यावर अडीचशे वर्षं लपून धर्म पाळणारी माणसं फ्रेंच धर्मगुरूंसमोर येऊन उभी राहिली. आजचं चर्च विटांचं, वरून प्लास्टर केलेलं.

देजिमा पाहिलं: १६३६ साली पोर्तुगिजांना वेगळं ठेवण्यासाठी बांधलेलं पंख्याच्या आकाराचं बेट, नंतर डचांची जागा. दोनशे वर्षं युरोपशी व्यापाराची तेवढीच एक खिडकी. आता भोवती भराव पडला आहे, त्यामुळे बेट बेट राहिलेलं नाही. पुन्हा बांधलेली गोदामं नीटनेटकी आहेत, माझं मन लागलं नाही.

बॉम्बच्या जागी गेलो नाही. “एकदा पुरे,” ताई म्हणाल्या. संध्याकाळी धक्क्यावर एका शाळेचा बँड निरोपाला उभा होता. जहाज दिसेनासं होईपर्यंत मुलं हात हलवत होती, आणि मास्तरही.

बुसान, बुधवार

कोरियात का, हे बऱ्याच प्रवाशांना कळलं नव्हतं. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या जपानी बंदरांमधून प्रवासी वाहता येत नाहीत, मध्ये एखादं परदेशी बंदर लागतं, म्हणून बुसान. त्यामुळे जपानात दोनदा प्रवेश होतो, तेव्हा व्हिसा एकाच प्रवेशाचा काढू नका. जागालची मासळीबाजारात तास घालवला. मी वसईची, मला बाजार आवडला. ताई नाकाला पदर लावून बाहेर उभ्या.

समुद्रात, गुरुवार

नरकचतुर्दशी. जहाजात उघडी ज्योत चालत नाही, म्हणून बॅटरीच्या पणत्या. स्टुअर्डला ताईंनी चकल्या दिल्या. “हयसर कारीट खय गावतला?” म्हणत त्याने बाथरूमच्या दारात एक कागदी पेला पायाने चिरडला आणि खाली वाकून तो लगेच उचललाही. शिस्त म्हणजे शिस्त.

दुपारी ताईंनी जहाजाच्या मुख्य आचाऱ्याला विचारलं की मिसो सूप शाकाहारी आहे का. तो प्रामाणिक निघाला. सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क जपानी स्वयंपाकात कुठे नसतो ते विचारा, म्हणाला. उडोनच्या रश्श्यात, सॉसमध्ये, वांग्यावरही. तेव्हापासून ताईंना भारतीय विभागातला वरणभात मिळू लागला आणि त्या खूष झाल्या. मी मात्र हा सगळा समुद्र पोटात घालून येण्यासाठीच गेले होते.

कानाझावा, शुक्रवार

आज १ नोव्हेंबर. केनरोकुएन बागेत पाइनच्या झाडांना दोऱ्या बांधायला सुरुवात होते ती नेमकी याच दिवशी. इथला बर्फ ओला आणि जड, फांद्या मोडतात. म्हणून झाडाच्या बुंध्यालगत उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोरी बांधतात. सगळं झाल्यावर झाडावर एक भली मोठी छत्री उघडल्यागत दिसते. पहिला मान कारासाकी पाइनचा, बिवा सरोवराकाठून आणलेल्या बियांपासून वाढवलेल्या झाडाचा. आम्ही तासभर तिथे थांबलो. एक माळी वर, टोकाशी, पायात दोन बोटांचे जिका-ताबी बूट, वरून भाताच्या पेंढ्याची दोरी सोडतोय. खालचा माणूस ती हवेतच पकडून फांदीला गाठ मारतोय, ताण बघून, परत सोडून, परत मारतोय. कुणी ओरडत नव्हतं. वरच्याने एकदा नुसता हात हलवला, आणि खालच्याने सगळी गाठ सोडून दोन वीत पुढे बांधली.

जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एका शहरात होतो. हिगाशी चाया भागातल्या एका दुकानात कारागीर बाई वर्खाचा तुकडा बांबूच्या चिमट्याने उचलत होत्या. धातूचा चिमटा चालत नाही, वर्ख त्याला चिकटतो. पान चामड्याच्या गादीवर टाकलं, त्यावर अगदी हलकी फुंकर मारली आणि सुरकुत्या उलगडल्या. मग बांबूच्या चौकटीने चौकोन कापला. मी श्वास रोखून धरला होता, त्या धरत नव्हत्या. लक्ष्मीपूजनाला सोनं घेतलं म्हणून ताईंनी वर्ख लावलेली एक पेटी घेतली. मी वर्खाचं आइस्क्रीम घेतलं, नुसता दिखावा आहे. चव व्हॅनिलाचीच, आणि सोनं ओठांना लागून राहतं.

ओमिचो बाजारात खेकड्यांच्या पाट्या रिकाम्या होत्या. मोठ्या हिवाळी खेकड्याचा हंगाम इथे ६ नोव्हेंबरला उघडतो आणि एक दिवस आधी कुणी तो विकत नाही. पाच दिवसांनी आलो असतो तर! जहाजाचं वेळापत्रक हा या प्रवासाचा खरा दोष आहे. गाव रंगात यायला लागलं की परतीची वेळ.

हाकोदाते, रविवार

शनिवार समुद्रात गेला, थंडी वाढत गेली. हाकोदातेला सकाळी कोट-कानटोपी. १८५४ च्या तहाने परदेशी जहाजांना खुल्या झालेल्या पहिल्या दोन बंदरांतलं हे एक. मोतोमाची चढावर रशियन चर्च, कॅथलिक चर्च आणि बौद्ध मंदिर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ट्रामने गोर्योकाकू गाठलं, पाच टोकांचा तारा असलेला युरोपीय धाटणीचा किल्ला. शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी सत्ताधीशाच्या, पक्षातल्या शेवटच्या सैनिकांनी १८६९ मध्ये इथेच शरणागती पत्करली. मनोऱ्यावरून तारा दिसतो, खाली चालताना दिसत नाही.

ट्रामच्या युनोकावा ओनसेन थांब्यापाशीच फुकट पाय बुडवायचं गरम पाण्याचं कुंड आहे. ताईंनी पायमोजे काढले, गुडघ्यापर्यंत साडी सावरली आणि जपानी आजीबाईंच्या रांगेत बसल्या. पाणी चांगलंच कढत. शेजारच्या आजीबाईंनी ताईंच्या गुडघ्यांवर टिचकी मारून आपले गुडघे दाखवले आणि दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत दुखणं सांगू लागल्या. वीस मिनिटं. ताईंच्या मते तिला डाव्या पायाचा जास्त त्रास होता.

नोव्हेंबरात इथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. त्यामुळे जहाज सुटण्याआधी ३३४ मीटरच्या हाकोदाते डोंगरावरून शहराचे दिवे पाहता येतात. दोन्ही बाजूंनी समुद्र आणि मध्ये कमरेपाशी आवळलेली जमीन, तिच्यावर सगळं गाव. लांब पाण्यात स्क्विड धरणाऱ्या बोटींचे पांढरे दिवे असतात म्हणतात, मला एकच दिसला. अलीकडे स्क्विडच घटलेत.

रात्री भाऊबीज. स्टुअर्डला ताईंनी बॅटरीच्या पणतीने ओवाळलं. त्याने खिशातून दहा डॉलर काढले, ताईंनी घेतले नाहीत, आणि मग दोघांनी मिळून एका मोठ्या चॉकलेटवर तडजोड केली.

योकोहामा, मंगळवार

प्रशांत महासागराने सोमवारी आपला हिसका दाखवला. जेवणघरात खुर्च्या ओस आणि आलेपाकाची माझी पुडी अर्ध्या मजल्यात वाटून संपली. मंगळवारी सकाळी टोकियोच्या आखातात सगळं सपाट. योकोहामाच्या बे ब्रिजखालून पंचावन्न मीटरहून उंच जहाजाला जाता येत नाही, म्हणून महाकाय जहाजं अलीकडच्या दाइकोकू धक्क्याला लागतात. आमचं लहान जहाज पुलाखालून ओसानबाशीला गेलं. २००२ चा हा धक्का लाकडी फळ्यांच्या चढउतारांचा आहे, छतावर गवत, कुठे भिंत संपते कळत नाही. गावातले लोक जहाज बघायला डबे घेऊन आले होते.

सामान कुरियरने थेट विमानतळावर पाठवून दिलं. ही सोय आपल्याकडे आली तर मी रोज प्रवास करीन. यामाशिता पार्कमध्ये, १९३० ची हिकावा मारू ही जुनी प्रवासी बोट नांगरून ठेवलेली दिसते तिथून जवळच, एक भारतीय धाटणीचा पाणपोईचा मनोरा आहे. १९२३ च्या १ सप्टेंबरच्या भूकंपात योकोहामा जळून गेलं. इथले भारतीय, बहुतेक सिंधी रेशीम-व्यापारी, कोबेकडे निघून गेले होते. त्यांनी परत यावं म्हणून शहराने त्यांना दुकानं-घरं बांधून दिली, आणि त्याची जाणीव ठेवून भारतीयांनी १९३९ मध्ये हा मनोरा उभारला. आत छताला रंगीत तुकड्यांचं मोझेक, बाहेर जाळी. लहान आहे, पटकन नजरेत भरत नाही. एक बाई तिथे कुत्र्याला पाणी पाजत होत्या, तेही बाटलीतलं.

दोनच्या नारिताच्या बसला वेळ होता, म्हणून चायनाटाउनमध्ये ताईंसाठी शाकाहारी बन शोधायला लागलो. तीन दुकानदारांनी मान हलवली. चौथ्याने “वेजिटेबल, वेजिटेबल” म्हणून वाफाळता बन हातात ठेवला, आणि मीच आधी चावून पाहिला म्हणून बरं. आत कोबी होता, मशरूम होतं, आणि डुकराचं मांसही. मी तो संपवला. ताईंनी पर्समधून उरलेल्या चकल्या काढल्या.